दिवस लहान, दिवस मोठा

जेठ महिन्यात संध्याकाळचे सात वाजले तरी अंगणात उजेड असतो. बाया विहिरीवर असतात, पोरे खेळत असतात. दिवाळी होऊन गेली की त्याच सात वाजता अंधार गुडुप. जेवणे उरकून माणसे शेकोटीजवळ बसलेली असतात. घड्याळ तेच, अंगण तेच. मग मधला उजेड गेला कुठे?

आम्ही शाळेत होतो तेव्हा मुले हा प्रश्न विचारीत. आता पारावर बसतो तर मोठी माणसे विचारतात, "गुरुजी, असं काहून होते जी?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर धानाच्या बांधीपर्यंत जाते. ते कसे, ते पुढे सांगू. आधी आपल्या सौंदडचा हिशेब पाहू.

वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो. त्या दिवशी सौंदडला सूर्य सकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी ६ वाजून ५४ मिनिटांनी मावळतो. दिवस झाला १३ तास २५ मिनिटांचा. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो. तेव्हा सूर्य ६ वाजून ४२ मिनिटांनी उगवतो आणि ५ वाजून ३३ मिनिटांनी मावळतो. दिवस भरतो १० तास ५१ मिनिटांचा. दोन्हींत फरक किती? अडीच तासांहून थोडा जास्त. मजुरीच्या भाषेत बोलायचे तर जवळजवळ एक पाळी काम कमी!

हे आकडे मोकळ्या मैदानाचे आहेत. सूर्याची वरची कड दिसली की उगवला, आणि ती कड बुडाली की मावळला, असे धरलेले आहे. पूर्वेला टेकडी किंवा मोहाची झाडे आड येत असतील तर सूर्य उशिरा दिसणारच.

दिवस वर्षभर सारख्या गतीने वाढत नाही. डिसेंबरच्या शेवटी तो जागचा हलतच नाही म्हणा ना. रोज काही सेकंदांचाच फरक. मार्च महिन्यात मात्र तो रोज सव्वा मिनिटाने वाढतो. आठवड्याला झाली आठ-नऊ मिनिटे. म्हणून होळीच्या सुमारास माणसाला एकदम वाटते, अरे, दिवस केवढा मोठा झाला! जूनमध्ये पुन्हा सगळे थांबल्यासारखे होते. मग सप्टेंबरात तो तितक्याच वेगाने उतरतो. झोपाळा पाहा. दोन्ही टोकांना तो क्षणभर थबकतो आणि मध्ये जोरात जातो. तसेच हे आहे.

सूर्य नेहमी नेमका पूर्वेला उगवतो असे पुस्तकात लिहिलेले असते. वर्षातून दोनच वेळा ते खरे ठरते, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. त्यानंतर तो सरकत जातो. थंडीत तो दक्षिणेकडे सरकून उगवतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे. किती सरकतो ते मोजायला यंत्र नको. हात समोर लांब करा आणि मूठ आवळा. मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. मधल्या जागेपासून सूर्य एका बाजूला अडीच मुठी आणि दुसऱ्या बाजूला अडीच मुठी जातो. सगळा झोका पाच मुठींचा. चुलबंदच्या काठी किंवा तलावाच्या पाळीवर एकच जागा ठरवा. दर महिन्याला तिथून उगवता सूर्य पाहा. कोणत्या झाडामागून निघाला ते लक्षात ठेवा. सहा महिन्यांत सगळे ध्यानात येईल.

आता कारण पाहू. पुष्कळांना वाटते, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो आणि हिवाळ्यात दूर जातो. तसे नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण कुडकुडत असतो तेव्हा! त्या वेळी अंतर असते सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते होते सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर. तेव्हा दूर-जवळचा हा हिशेब नव्हे. सगळी करणी आहे ती पृथ्वीच्या कलण्याची.

हे घरी करून पाहता येते. एक मोसंबी घ्या. तिच्या आरपार बांबूची कामटी घाला. मोसंबी म्हणजे पृथ्वी आणि कामटी म्हणजे तिचा आस. मोसंबीच्या मध्यावर गोल रेघ ओढा. ती रेघ म्हणजे विषुववृत्त. रेघेपासून वरच्या टोकापर्यंतच्या वाटेवर, साधारण चौथा हिस्सा वर, एक टाचणी टोचा. ते आपले सौंदड. आपले गाव विषुववृत्तापासून २१ अंश उत्तरेला आहे.

रात्री खोलीच्या मधोमध एक दिवा ठेवा. बाकीचे दिवे मालवा. कामटी उभी धरू नका, थोडी कलती धरा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे. कामटीचे वरचे टोक समजा दाराकडे कलले आहे. आता दिव्याभोवती फेरी घाला, पण टोक दाराकडेच राहू द्या. ते फिरू द्यायचे नाही. सारी खुबी यातच आहे. खरी पृथ्वीदेखील असेच करते. तिचे वरचे टोक वर्षभर ध्रुवताऱ्याकडेच रोखलेले असते.

फेरी घालता घालता एका जागी मोसंबीचे डोके दिव्याकडे झुकलेले दिसेल. तिथे थांबा आणि कामटी बोटांनी गरगर फिरवा. टाचणी उजेडात जास्त वेळ राहील, अंधारात कमी वेळ. तो आपला जून महिना. मग दिव्याच्या बरोबर पलीकडे जा. आता डोके दिव्यापासून दूर झुकलेले आहे. कामटी फिरवा. टाचणी अंधारात जास्त वेळ राहील. तो डिसेंबर. मधल्या दोन जागी डोके दिव्याकडेही नाही आणि दूरही नाही. तिथे उजेड आणि अंधार सारखे. ते मार्च आणि सप्टेंबर.

टाचणी विषुववृत्ताच्या जवळ टोचली तर फरक कमी पडतो. टोकाकडे टोचली तर फार पडतो. आपल्या देशातच बघा. कन्याकुमारीला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाभराचादेखील फरक नाही. श्रीनगरला जूनचा दिवस जवळजवळ साडेचौदा तासांचा, तर डिसेंबरचा दहा तासांहूनही कमी. आणखी उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या उत्तर भागात उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य दिसतो, आणि हिवाळ्यात कित्येक दिवस तो उगवतच नाही. तिथली माणसे झोपतात तरी कशी, असे एकाने विचारले होते. जाड पडदे लावून झोपतात.

सूर्याची उंचीही याच कलण्याने बदलते. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी अंगणात सरळ काठी रोवा. सावली जवळजवळ काठीएवढीच पडेल. माणूस उभा राहिला तर सावली माणसाएवढी. ऊन तिरपे येते, तेच ऊन जास्त जमिनीवर पसरते, म्हणून त्यात धग नसते. आणि तीच काठी रोहिण्या लागतात तेव्हा, म्हणजे २५-२६ मेला, दुपारी १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास पाहा. सावली नाही! सूर्य अगदी डोक्यावर. काठीची सावली काठीच्या पायाशीच विरते. असे पुन्हा १७-१८ जुलैलाही होते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि आपण रोवणीत असतो. कोण पाहतो! या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. हे मुलांना अवश्य दाखवा. उत्तरेकडच्या दिल्लीतल्या मुलांना ते कधीच दिसत नाही.

संक्रांतीविषयी आमच्याकडे नेहमी वाद होतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. दिवस वाढतो हे खरे. पण तो २२ डिसेंबरपासूनच वाढू लागलेला असतो. संक्रांतीपर्यंत सात-आठ मिनिटांनी वाढलेलाही असतो. मग संक्रांत १४-१५ जानेवारीला का? फार पूर्वी, सुमारे सतराशे वर्षांमागे, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येत. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या डोक्यासारखा अगदी सावकाश घुमतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत सुमारे ७२ वर्षांना एक दिवस याप्रमाणे पुढे सरकत आली. पूर्वजांनी लबाडी केली नाही. काळच सरकला.

आणखी एक गंमत. संक्रांतीला सूर्य वर्षातला सर्वांत उशिरा उगवतो! सौंदडला ६ वाजून ४९-५० मिनिटांनी. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसापेक्षाही सात मिनिटे उशिरा. पण मावळतो ५ वाजून ४८ मिनिटांनी, म्हणजे आधीपेक्षा पंधरा मिनिटे उशिरा. सकाळी सात गमावली, संध्याकाळी पंधरा मिळवली. नफा आठ मिनिटांचा. तसेच सर्वांत लवकर सूर्यास्त डिसेंबरात होत नाही. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, ५ वाजून २७ मिनिटांनी. धान कापणीच्या दिवसांत संध्याकाळ अंगावर धावून येते म्हणतात, ते उगाच नव्हे.

याचे कारण असे. घड्याळ वर्षभर एका चालीने चालते. सूर्याची दुपार तशी चालत नाही. पृथ्वीची सूर्याभोवतीची चाल कधी जलद असते, कधी मंद. शिवाय ती कललेली. त्यामुळे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ सौंदडला नोव्हेंबरच्या आरंभी ११ वाजून ५३ मिनिटे असते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून २४ मिनिटे. अर्ध्या तासाची ही सरक दिवसाला आपल्याबरोबर मागेपुढे ओढते.

आता घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे वळू. तिच्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. त्या कोणत्या गावच्या आहेत ते आधी वाचा. पुष्कळ दिनदर्शिकांत त्या मुंबईच्या असतात. मुंबई आपल्या पश्चिमेला सात अंशांहून जास्त दूर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून सूर्य आपल्याकडे आधी येतो, मुंबईला सुमारे अर्ध्या तासाने. डिसेंबरात मुंबईचा सूर्योदय ७ वाजून ७ मिनिटांनी होतो. तोवर आपल्याकडे ऊन चांगले वर आलेले असते. ज्यांना सूर्यावरून उपास सोडायचा किंवा रोजा धरायचा आहे, त्यांनी मुंबईच्या वेळेवर विसंबू नये. नागपूरची वेळ मिळाली तर बरी. तिच्यात आणि आपल्यात तीन-चार मिनिटांचाच फरक पडतो. चतुर्थीचा चंद्रही मुंबईपेक्षा आपल्याकडे लवकर उगवतो.

कोणी विचारील, मग गावोगाव वेगळे घड्याळ का नाही? पूर्वी तसेच होते. मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती १९५५ च्या सुमारापर्यंत तिथे काही ठिकाणी पाळली जात होती. पण आगगाडी आली आणि एकच घड्याळ लागले. सौंदडच्या स्टेशनात एक वेळ आणि गोंदियाला दुसरी, असे असते तर गाडी कोणाला सापडली असती? आज साऱ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून धरतात. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपण तिच्या थोडे पश्चिमेला, म्हणून आपली दुपार घड्याळापेक्षा सरासरी दहा मिनिटे मागे. दूर पूर्वेच्या अरुणाचल प्रदेशात डिसेंबरात सूर्य साडेचारच्याही आधी मावळतो. घड्याळ मात्र तेच.

आता धानाकडे येऊ. दिवसाची ही लांबी माणसापेक्षा धान जास्त बारकाईने मोजते.

तुम्हा शेतकऱ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. जुन्या भारी धानाचे पऱ्हे मृगात टाकले काय आणि पंधरा दिवस उशिरा टाकले काय, निसवायला ते जवळजवळ एकाच वेळी लागते. मागून लावलेले पुढच्याला गाठते. याला आपण धानाचा गुण म्हणतो. पण हे होते कसे? त्याला घड्याळ कोणी दिले?

ते रात्र मोजते. ऑगस्टच्या मध्याला सौंदडचा दिवस १२ तास ५२ मिनिटांचा असतो. ऑक्टोबरच्या मध्याला तो ११ तास ४१ मिनिटांवर येतो. म्हणजे रात्र सत्तर मिनिटांनी वाढलेली असते. रोपाच्या पानांना उजेड-अंधाराची जाण असते. रात्र ठराविक मापाएवढी लांब झाली की रोप फुटवे काढणे थांबवते आणि पोटात लोंबी धरू लागते. त्यानंतर सुमारे महिन्याने ती बाहेर पडते. झाडे दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. त्यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग केले होते. त्यांच्याकडचा एक तंबाखू उन्हाळाभर वाढतच जाई, फुलेच ना. दिवसाचा काही वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवला, तेव्हा लागला फुलायला.

यात शेतकऱ्याचे नुकसान कुठे होते ते पाहा. पाऊस लांबला, रोवणी उशिरा झाली. भारी धान निसवणार आपल्या ठरल्या वेळीच, कारण रात्र काही आपल्या रोवणीसाठी थांबत नाही. मग वाढीचे दिवस कापले जातात. फुटवे कमी येतात, लोंब्या कमी येतात, उतारा घटतो. म्हणून उशिरा रोवणी करायची असेल तर रोपे जवळ जवळ लावावी आणि एका चुडात दोन-चार रोपे जास्त घ्यावी, असा सल्ला देतात. फुटवे येणार नाहीत, तर मूळ रोपेच जास्त असू द्या, एवढाच त्याचा अर्थ. उलट असे धान फार लवकर लावले तरी फायदा नाही. ते नुसते उंच वाढत राहते आणि वाऱ्यापावसात लोळते.

सगळीच धाने अशी नसतात. हलकी धाने बहुधा रात्र मोजत नाहीत, दिवस मोजतात. पेरल्यापासून अमुक दिवस झाले की निसवली. नव्या ठेंगण्या जाती पुष्कळशा याच पंक्तीतल्या. १९६६ साली फिलिपाइन्समधून आलेला आय.आर. ८ तसाच होता. म्हणून त्या जाती खरिपात लावा की उन्हाळ्यात लावा, येतात. जुने भारी धान उन्हाळी लावले तर दिवस वाढत असतो, रात्र आखूड होत असते. ते बसते वाट पाहत. तेव्हा नवे बियाणे घेताना दिवसांचा आकडा विचारता, तसे हेही विचारा : हे धान दिवसाच्या लांबीवर चालते की नाही? शेजारच्या साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे. तिथे हा प्रश्न नवा नाही.

आपल्या भागातल्या एका धानाला तर घड्याळाचेच नाव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे साधे शेतकरी. त्यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून १९८० नंतरच्या वर्षांत एक बारीक धान तयार केले. त्या काळी एच.एम.टी. घड्याळांचा मोठा बोलबाला होता, म्हणून धानाचे नाव पडले एच.एम.टी. दादाजी २०१८ साली वारले. धान अजून पिकते आहे.

एक शेवटची गोष्ट, आणि ती हल्लीच्या दिवसांची आहे. आता रस्त्यांवर, गोदामांवर, विहिरींवर रात्रभर मोठे दिवे जळतात. अशा दिव्याच्या अगदी जवळच्या धानाला रात्र नीट कळत नाही. पाने उजेडात राहतात, रात्र लांबली हे रोपाला समजत नाही. बाकीची बांधी निसवते आणि दिव्याखालचा तुकडा हिरवाच राहतो. कोणी त्याला रोग समजून औषध मारतो. कोणी बियाण्याला दोष देतो. तुमच्या बांधीत असा हिरवा तुकडा दिसला तर आधी मान वर करून पाहा. वर दिवा असेल आणि तो तुमचा असेल, तर पोळ्यापासून निसवा होईपर्यंत रात्री मालवून ठेवा. आणि दिवा ग्रामपंचायतीचा असेल, तर धानाकडची बाजू पत्र्याने झाकून घ्यायला सांगा. एवढ्या कामाला एक पत्रा आणि दोन खिळे पुरतात.